व्हॅलीचे मैदान

लंडन शहराच्या आग्नेयेस, थेम्स नदी समुद्राच्या ओढीने रुंदावत जाते त्या बाजूस, चार्ल्टन नावाची एक वस्ती आहे. राजवाडे, पार्लमेंट आणि चित्रसंग्रहालये पाहण्यासाठी लंडनला येणारा प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाही. नदीकाठचे कारखाने, मालाचे धक्के आणि शेजारच्या वुलिच गावातील तोफांचा सरकारी कारखाना ह्यांवर ह्या भागाची पोटे पिढ्यानपिढ्या भरत आली. घरे लहान, एकमेकींना खेटून उभी राहिलेली. आणि शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला की पुढे दीड दिवसाची मोकळीक, एवढीच काय ती तेथील माणसाची चैन.

ह्या मोकळ्या शनिवारानेच इंग्लंडात फुटबॉलचा खेळ वाढवला. शनिवारी अर्धी सुट्टी देण्याची वहिवाट कारखान्यांत रुळली आणि हजारो कामगार त्या दुपारी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहू लागले. चार्ल्टनच्या ईस्ट स्ट्रीट ह्या गल्लीत राहणाऱ्या काही पोरांनाही ह्या खेळाचे वेड लागले होते. नुकते कुठे मिसरूड फुटू लागलेल्या ह्या मुलांनी ९ जून १९०५ रोजी आपला एक संघ काढला आणि त्याला चार्ल्टन अ‍ॅथलेटिक असे नाव दिले. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, मैदान नव्हते. कधी कारखान्याच्या कुरणात, कधी वुलिचच्या माळावर ते खेळत. संघ सामना खेळून आला की जवळचा एक मासेविक्रेता खेळाडूंना हॅडक नावाच्या माशाचे जेवण घाली, असे सांगतात. त्या हॅडकचा उच्चार तेथील बोलीत बदलून ‘अ‍ॅडिक’ झाला, आणि आजही चार्ल्टनच्या खेळाडूंना ‘अ‍ॅडिक्स’ म्हणूनच हाक मारली जाते. सिंह, गरुड अशी नावे इतर संघांनी घ्यावीत. माशाच्या जेवणावरून नाव पडलेला संघ विरळाच!

ह्या पोरांच्या डोळ्यांदेखत एक मोठी घटना घडली. वुलिचच्या तोफखान्यातील कामगारांनी १८८६ साली काढलेला आर्सेनल हा ह्या भागातील नामांकित संघ. परंतु गावाच्या एका टोकाला असल्यामुळे त्याच्या सामन्यांना पुरेशी गर्दी होईना, आणि उत्पन्न खर्चाला पुरेना. तेव्हा १९१३ साली त्याच्या चालकांनी संघ उचलला आणि थेम्स ओलांडून उत्तर लंडनमध्ये हायबरी येथे नेऊन ठेवला. तेथे त्याचे दैव फळफळले. पुढे तो जगात गाजला. म्हणजे गाव सोडल्याने संघ मरतोच असे नाही. मग घर महत्त्वाचे, की खेळ? ह्या प्रश्नाचे उत्तर आर्सेनलने एका रीतीने दिले. चार्ल्टनला मात्र ते निराळ्या रीतीने शोधावे लागले, आणि त्या शोधात जवळजवळ एक शतक गेले.

पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, चार्ल्टनच्या मंडळींना एक जागा सापडली. ती जागा म्हणजे खडू आणि वाळू काढून घेतल्यावर टाकून दिलेली एक जुनी खाण होती. तिन्ही बाजूंना चढ, मध्ये ओबडधोबड खड्डा, त्यात साचलेले पाणी आणि वाढलेले रान. दुसऱ्या कोणी ती फुकटही घेतली नसती. पण गावकऱ्यांना त्या खड्ड्यात मैदान दिसले. स्वतःहून पुढे आलेल्या लोकांनी कुदळी-फावडी घेऊन तळ सपाट केला आणि खणलेली माती कडेने रचून प्रेक्षकांना उभे राहण्यासाठी उतार केले. पहिला सामना झाला तेव्हा तेथे ना खुर्च्या होत्या, ना पायऱ्या. लोक खेळाच्या रेषेला टेकून उभे होते. चहूकडून उंचवट्यांनी वेढलेल्या ह्या जागेला सगळे ‘द व्हॅली’, म्हणजे दरी, म्हणू लागले आणि तेच तिचे नाव झाले.

संघाने १९२० साली पगारी खेळाडू घेतले, आणि १९२१ साली त्याला राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला. ही लीग म्हणजे शाळेतल्या इयत्तांसारखी एक उतरंड आहे. वर्षभराच्या सामन्यांत जे संघ वरचे क्रमांक पटकावतात ते वरच्या विभागात चढतात, आणि तळाला राहिलेले खालच्या विभागात उतरतात. चार्ल्टनची सुरुवात सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या विभागातून झाली. इथवर ठीक चालले होते. पण १९२३ साली देशातील मानाच्या एफ. ए. कपाच्या स्पर्धेत संघाने काही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना धूळ चारली, आणि चालकांच्या मनात मोठेपणाची स्वप्ने शिरली. त्याच वर्षी त्यांनी संघ काही मैलांवरील कॅटफर्ड येथे हलवला. तेथे वस्ती अधिक, म्हणून गर्दीही अधिक होईल, हा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. कॅटफर्डच्या लोकांना हा संघ परका वाटला आणि चार्ल्टनच्या लोकांना ते मैदान परके वाटले. १९२४ साली क्लब कर्जाचे गाठोडे पाठीवर घेऊन खाली मान घालून व्हॅलीत परतला. चालक बदलले की जुन्या चुकांची आठवणही त्यांच्याबरोबर जाते. नाहीतर साठ वर्षांनी जे घडले ते घडते ना.

ह्यानंतरचा काळ हा चार्ल्टनच्या वैभवाचा. १९३३ साली जिमी सीड हे व्यवस्थापक झाले. त्यांच्या हाताखाली संघाने १९३५ साली तिसरा विभाग जिंकला, १९३६ साली दुसऱ्या विभागातून तो वर चढला आणि १९३७ साली पहिल्या विभागात त्याने दुसरा क्रमांक मिळवला. मँचेस्टर सिटी ह्या विजेत्या संघाचे गुण केवळ तीनच अधिक होते. खाणीच्या पूर्वेकडील चढावर रचलेला प्रेक्षकांचा उतार तेव्हा देशातील सर्वांत मोठ्या उतारांपैकी एक होता. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी अ‍ॅस्टन व्हिला ह्या संघाशी सामना झाला, त्या दिवशी ७५,०३१ माणसे त्या दरीत सामावली. एवढी गर्दी व्हॅलीने पुन्हा कधी पाहिली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी रानाने भरलेल्या एका खड्ड्यात एका मोठ्या गावाएवढी माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती!

त्या गर्दीचा सर्वांत लाडका खेळाडू म्हणजे गोलरक्षक सॅम बार्ट्रम. तांबड्या केसांचा, दणकट बांध्याचा हा गडी उत्तरेकडील कोळशाच्या खाणीतून आला होता. १९३४ पासून १९५६ पर्यंत तो चार्ल्टनचा गोल राखत राहिला आणि संघासाठी ६२३ सामने खेळला. १९३७ सालच्या नाताळच्या दिवशी चेल्सीच्या मैदानावर तो खेळत असताना दाट धुके उतरले. बार्ट्रम आपल्या जागी दक्ष उभा. चेंडू आपल्याकडे येत नाही, त्या अर्थी आपला संघ पलीकडे हल्ल्यावर हल्ले चढवीत असला पाहिजे, असे मानून तो समाधानाने वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक आकृती पुढे आली. तो पोलीस शिपाई होता. पंचांनी सामना केव्हाच थांबवला होता आणि मैदानात बार्ट्रमशिवाय दुसरे कोणीही उरले नव्हते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात मात्र ह्या गुणी गोलरक्षकाला कधी स्थान मिळाले नाही. चार्ल्टनच्या लोकांनी त्याची भरपाई केली: २००५ साली, संघाच्या शतकपूर्तीच्या वेळी, मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

१९४६ साली एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात संघ हरला. १९४७ साली बर्न्लीला हरवून त्याने तोच कप जिंकला. गंमत अशी की ह्या दोन्ही अंतिम सामन्यांत खेळता खेळता चेंडू फुटला होता. पण व्हॅलीच्या जुन्या प्रेक्षकाला सर्वांत मोठा दिवस कोणता असे विचारले, तर तो बहुधा कपाच्या विजयाचे नाव घेत नाही. २१ डिसेंबर १९५७ हा तो दिवस.

नाताळपूर्वीचा शनिवार, घरोघर खरेदीची धांदल. दुसऱ्या विभागातील हडर्सफील्ड संघाशी सामना होता आणि जेमतेम साडेबारा हजार लोक आले होते. सतराव्या मिनिटालाच चार्ल्टनचा कप्तान डेरेक अफ्टन ह्याचा खांदा निखळला आणि त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. तेव्हाच्या नियमांप्रमाणे बदली खेळाडू घेता येत नसे. उरलेला सामना दहा जणांनीच खेळायचा. मध्यंतराला दोन गोल अंगावर होते. मध्यंतरात जॉनी समर्स ह्या खेळाडूने आपले फाटत आलेले जुने बूट काढून नवे चढवले. सामना संपायला सत्तावीस मिनिटे उरली असताना फळा असा होता: हडर्सफील्ड ५, चार्ल्टन १. दहा जणांविरुद्ध अकरा जण, आणि चार गोलांची आघाडी. विवेकाने पाहिले तर घरी जाऊन चहा घेणे हेच शहाणपणाचे होते.

आणि मग जे झाले ते पाहणाऱ्यांनी नातवंडांना सांगितले. रायनने एक गोल केला. पाठोपाठ समर्सने दुसरा केला, काही वेळाने तिसरा केला, मग बरोबरीचा केला, आणि दरीतला गलबला विरतो न विरतो तोच आघाडीचाही केला. समर्स हा मूळचा डावऱ्या पायाचा; पण त्या दिवशी त्याने केलेले पाचही गोल उजव्या पायाने, त्या नव्या बुटाने, झाले. अखेरच्या मिनिटांत हडर्सफील्डने सहावा गोल करून पुन्हा बरोबरी साधली, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावले. तेवढ्यात रायनने सातवा गोल केला आणि पंचांची शिट्टी वाजली. सात विरुद्ध सहा! सहा गोल करूनही हरलेल्या त्या संघाचे व्यवस्थापक होते बिल शँक्ली, जे पुढे लिव्हरपूलमध्ये अतिशय प्रसिद्धीस आले. समर्सला मात्र फार आयुष्य लाभले नाही. १९६२ साली, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, कर्करोगाने त्याचा अंत झाला.

अशा दिवसांनीच एखादी जागा माणसांची होते. त्या उतारावर बाप ज्या लोखंडी कठड्याला टेकून उभा राही, त्याच कठड्याला मुलगा टेकू लागतो. मालकीहक्काच्या कागदावर मात्र ह्या कठड्याची नोंद नसते.

पुढील काळात संघाची उतरंडीवरून घसरण झाली. गर्दी ओसरली, पूर्वेचा प्रचंड उतार रिकामा रिकामा दिसू लागला, त्याच्या फटींतून गवत डोकावू लागले. १९८४ साली क्लबचे दिवाळे वाजण्याची वेळ आली. अगदी शेवटच्या घटकेला नव्या कंपनीने तो वाचवला. पण ह्या व्यवहारात क्लब एकाचा आणि मैदान दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली. ज्या खाणीला गावकऱ्यांनी मैदान केले होते, तेथे त्यांचाच संघ भाडेकरू म्हणून राहू लागला. पुढच्याच वर्षी, ११ मे १९८५ रोजी, ब्रॅडफर्ड येथील मैदानाच्या जुन्या लाकडी प्रेक्षागृहाला आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. साऱ्या देशात मैदानांची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. व्हॅलीचा पूर्वेकडील उतार धोक्याचा ठरून बंद करण्यात आला. त्यातच जमिनीच्या मालकाने पश्चिमेकडील प्रेक्षागृहामागची जागा परत मागितली. दुरुस्तीला पैसा नाही आणि जागेवर हक्क नाही, अशा कात्रीत सापडलेल्या चालकांनी जुनाच मार्ग धरला. सप्टेंबरच्या ७ तारखेला सामन्यासाठी आलेल्या प्रेक्षकांच्या हातांत एक पत्रक देण्यात आले. क्लब व्हॅली सोडून दक्षिण लंडनमधील क्रिस्टल पॅलेस संघाच्या सेलहर्स्ट पार्क ह्या मैदानावर जाणार, असे त्यात लिहिले होते. लोकांना विचारणे दूरच. त्यांना कळवले ते असे, छापील चिटोऱ्याने. २१ सप्टेंबर १९८५ रोजी स्टोक सिटीविरुद्ध अखेरचा सामना झाला. चार्ल्टनने तो दोन गोलांनी जिंकला. पण कित्येक प्रेक्षक निषेधासाठी खेळाच्या हिरवळीवर उतरले होते, आणि सामना संपल्यावर त्यांतील पुष्कळांची पावले दरवाजाकडे वळेनात.

येथून पुढचा भाग मोठा विलक्षण आहे. परक्या घरी गेलेला हा संघ खचला असता तर नवल नव्हते. पण झाले उलटेच. व्यवस्थापक लेनी लॉरेन्स ह्यांच्या संघाने पहिल्याच वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, पहिल्या विभागात प्रवेश मिळवला. तब्बल एकोणतीस वर्षांनी हा मान पुन्हा लाभला होता! तेथे बड्या संघांशी झुंजत तो चार वर्षे टिकला. मैदानावरील यश हेच सर्वस्व असते तर चार्ल्टनच्या लोकांनी आनंदाने नाचायला हवे होते. परंतु सेलहर्स्ट पार्क सात-आठ मैलांवर. मध्ये लंडनच्या वाहतुकीचा चक्रव्यूह. तेथे पोचल्यावरही जाणवे की आपण पाहुणे आहोत. अनेकांनी जाणेच सोडले. रामाच्या वनवासात पराक्रम थोडे का घडले? पण अयोध्येच्या माणसांना त्या पराक्रमांच्या वार्तांनी समाधान कसे व्हावे? इकडे व्हॅलीत पुरुषभर उंचीची झुडपे वाढली. गोलाच्या चौकटीपाशी गवत माजले. सहा-सात दशकांपूर्वी माणसांनी हटवलेले रान आपली जागा परत घेत होते.

लोकांनी काय केले? स्थानिक वृत्तपत्राने व्हॅलीला परतण्याची मागणी उचलून धरली आणि तिच्यावर हजारोंनी सह्या केल्या. १९८८ साली रिक एव्हरिट ह्या तरुण चाहत्याने ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’ नावाचे एक लहानसे नियतकालिक काढले आणि सामन्याला येणाऱ्यांना ते विकण्यास प्रारंभ केला. क्लबचा कारभार आता नव्या चालकांच्या हाती आला होता आणि त्यांनाही परतण्याची ओढ होती. मैदान पुन्हा क्लबच्या ताब्यात आले. मार्च १९८९ मध्ये वुलिचच्या नगरभवनात सभा भरवून ‘आपण घरी जाणार’ अशी घोषणा झाली, आणि एप्रिलच्या आरंभी एका रविवारी शेकडो माणसे कोयते, कुऱ्हाडी, हातमोजे घेऊन व्हॅलीत उतरली. म्हातारे होते, बाया होत्या, ज्यांनी तेथे एकही सामना पाहिला नव्हता अशी मुलेही होती. दिवसभर त्यांनी झुडपे तोडली, पायऱ्या मोकळ्या केल्या. १९१९ सालच्या खणणाऱ्यांपैकी कोणी तेथे असते, तर त्यांना हे काम ओळखीचे वाटले असते.

पण रान तोडणे सोपे, परवानगी मिळवणे अवघड. नव्या प्रेक्षागृहांचा आराखडा ग्रिनिचच्या नगर परिषदेपुढे गेला आणि जानेवारी १९९० मध्ये तिच्या समितीने तो फेटाळला. एवढे बांधकाम त्या वस्तीत नको, असे समितीचे मत पडले. परिषदेतील माणसे दुष्ट होती असे समजण्याचे कारण नाही. घरांना लागून असलेल्या मैदानाची गर्दी आणि गोंगाट ह्यांचा विचार त्यांनी करायचा असतो, आणि आजवर कोणीही त्यांच्यापुढे फुटबॉलच्या प्रेक्षकाला नागरिक म्हणून उभे केले नव्हते. सभेतून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांपुढे दोन वाटा होत्या: दगड उचलण्याची आणि मत मागण्याची. त्यांनी दुसरी पत्करली.

मे महिन्यात परिषदेची निवडणूक होती. प्रेक्षकांनी ‘व्हॅली पक्ष’ नावाचा एक राजकीय पक्ष स्थापन केला. त्याच्या जाहीरनाम्यात एकच कलम: संघाला घरी येऊ द्या. पक्षाने साठ उमेदवार उभे केले. संघाच्या बाजूने मत देणाऱ्या दोन सभासदांविरुद्ध मात्र मुद्दाम कोणाला उभे केले नाही. ही कृतज्ञता ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण निवडणुकीच्या धुमाळीत ती सहसा आढळत नाही. उमेदवारांपैकी बहुतेकांनी राजकारणाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. जाहिरातीच्या व्यवसायातील एका चाहत्याने भित्तिपत्रके तयार करून दिली. ती इतकी मार्मिक होती की रस्त्याने जाणारा थांबून वाचत असे. नगर परिषदेलाच परगावच्या मैदानाकडे पाठवून द्यावे, म्हणजे तिला त्या दुःखाची कल्पना येईल, अशा अर्थाचा मजकूर त्यांतील एकावर होता.

३ मे १९९० रोजी मतदान झाले. व्हॅली पक्षाला १४,८३८ मते पडली; दर शंभर मतांत जवळजवळ अकरा! एकही उमेदवार निवडून आला नाही, आणि तरीही हार झाली असे कोणाला वाटले नाही. आराखडा फेटाळणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्या निवडणुकीत आपली जागा गमावून बसले. नव्या परिषदेने प्रेक्षकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि १९९१ च्या एप्रिलमध्ये परवानगी दिली. अडचणी संपल्या नव्हत्या. संघाला आता सेलहर्स्ट पार्क सोडून नदीपलीकडे वेस्ट हॅमच्या मैदानावर बिऱ्हाड हलवावे लागले. बांधकामाचे पैसे मध्येच संपले, तेव्हा चाहत्यांनी आपापल्या गाठीचे पैसे क्लबला दिले आणि सुमारे दहा लाख पौंड उभे राहिले. परतण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाई. दर वेळी नवी तारीख सांगणाऱ्याला लोकांच्या डोळ्यांना डोळा देणे कठीण जाई.

अखेर ५ डिसेंबर १९९२ हा दिवस उजाडला. सव्वासात वर्षांनी व्हॅलीचे दरवाजे उघडले. प्रेक्षागृहाचा काही भाग तात्पुरता ठोकलेला; पूर्वेचा जुना उतार अजून बंदच होता. आत आले ते ८,३३७ लोक. १९३८ सालच्या आकड्याशी तुलना केली तर ही संख्या किती लहान! पण त्या पंचाहत्तर हजारांतील किती जणांनी ह्या जागेसाठी झुडपे तोडली होती, मते मागितली होती, घरातला पैसा काढून दिला होता? सामना पोर्ट्समथशी होता. सातव्याच मिनिटाला कॉलिन वॉल्शने गोल केला. त्यानंतरच्या त्र्याऐंशी मिनिटांत दुसरा गोल झाला नाही, आणि त्याची कोणाला खंतही वाटली नाही.

पुढे संघ भरभराटीस आला. १९९४ साली पूर्वेच्या जुन्या उताराच्या जागी बसण्याची सोय असलेले नवे प्रेक्षागृह उभे राहिले. २५ मे १९९८ रोजी वेंब्ली येथे सन्डरलंडशी झालेल्या निर्णायक सामन्यात चार-चार अशी बरोबरी होऊन चार्ल्टनने पेनल्टीच्या फेऱ्यांत विजय मिळवला आणि देशातील सर्वोच्च लीगमध्ये पाऊल ठेवले. त्या फेऱ्यांचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला, तेव्हा जॉनी समर्सची आठवण झालेले पुष्कळ वृद्ध त्या गर्दीत असले पाहिजेत. २००७ साली संघ सर्वोच्च लीगमधून पुन्हा खाली आला. चढणे-उतरणे हा उतरंडीचा धर्मच आहे. त्याचे चार्ल्टनवाल्यांना फारसे सुतक नसते.

त्यांचे कान टवकारतात ते निराळ्या बातमीने. जानेवारी २०२० मध्ये क्लब विकला गेला तेव्हा संघाचे नाव, खेळाडू आणि त्यांच्याबरोबरची देणी नव्या मालकांकडे गेली. मैदान मात्र पूर्वीच्या मालकाने स्वतःकडेच ठेवले. १९८४ सालची वाटणी पुन्हा झाली. क्लब एकाचा, व्हॅली दुसऱ्याची, मध्ये एक भाडेपट्टा. आणि तो किती वर्षांचा, हा प्रश्न तेव्हा प्रेक्षकांच्या तोंडी होता. प्रेक्षक अगदीच गाफील नव्हते. त्याच्या सात वर्षे आधी, २०१३ साली, त्यांच्या संस्थेने ग्रिनिचच्या त्याच नगर परिषदेकडे अर्ज केला होता, आणि परिषदेने व्हॅली ही लोकसमुदायाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता असल्याची नोंद आपल्या दप्तरात केली होती. अशी नोंद असलेली जागा विकावयाची झाल्यास मालकाला आधी परिषदेला कळवावे लागते आणि लोकांना ती विकत घेण्याचा प्रयत्न करण्यास काही महिन्यांची मुदत मिळते. कायद्याप्रमाणे ही नोंद पाच वर्षे टिकते. मुदत संपत आली की कोणीतरी आठवणीने नवा अर्ज लिहून परिषदेच्या कचेरीत नेऊन द्यावा लागतो.